पेटी आहे, परवाना नाही!

लंडनला जाऊन आलेल्या मराठी माणसाने काय लिहावे हे आता ठरूनच गेले आहे. टेम्सचे पाणी गढूळ आहे, म्युझियममध्ये आपल्याच देशातल्या मूर्ती पाहून मन भरून येते, बसच्या रांगेत कोणी कोणाला ढकलत नाही, आणि चहा मात्र आपल्यासारखा मिळत नाही! हे सारे खरे आहे. परंतु ते इतक्या जणांनी लिहिले आहे की मी त्या वाटेला जात नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात मी भाचीकडे तीन महिने राहिलो. त्या तीन महिन्यांत घरातल्या लहानथोरांना जेवणाच्या टेबलावर ज्या एका प्रश्नाने धरून ठेवले, तोच आज वाचकांपुढे ठेवतो. प्रश्न साधा आहे. घरात दूरचित्रवाणी संच आहे, पण त्यावर चालू कार्यक्रम कोणी पाहत नाही. तर सरकारी परवाना घ्यावा लागतो की नाही?

भाचीचे घर हॅरोला. पंडित नेहरू आणि चर्चिल ज्या शाळेत शिकले ती शाळा तिथल्या टेकडीवर आहे. टेकडीच्या खाली, आगगाडीच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना, दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधलेली जोडघरे ओळीने उभी आहेत. एका भिंतीला दोन बिऱ्हाडे, पुढे हातभर बाग, मागे जरा मोठी बाग, आणि छपरावर धुराडे. धुराड्यांतून आता धूर निघत नाही. पण प्रत्येक धुराड्याला एक सांगाडा बांधलेला दिसतो. तो दूरचित्रवाणीचा एरियल. काही घरांच्या भिंतीवर तबकडीही असते. सकाळी फिरायला निघालो की मी छपरांकडे पाहत चालत असे. कोणत्या घरात परवाना असेल आणि कोणत्या नसेल, हे त्या सांगाड्यांवरून काही कळत नाही. आणि सगळ्या गमतीचे मूळ नेमके तिथेच आहे.

आपल्याकडे केबलवाल्याला किंवा तबकडीच्या कंपनीला पैसे द्यायचे एवढेच आपण जाणतो. इंग्लंडात त्याखेरीज परवान्याची वार्षिक फी असते. १ एप्रिल २०२५ पासून ती १७४ पौंड ५० पेन्स झाली. म्हणजे आपले वीस हजार रुपये धरा. पैसे बी.बी.सी.ला जातात, परंतु परवाना केवळ बी.बी.सी. पाहण्याचा नव्हे. कोणत्याही वाहिनीवरचा कार्यक्रम तो दाखवला जात असताना पाहिला, की परवाना हवा. विनापरवाना पाहिल्यास कोर्टात एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एका पत्त्याला एक परवाना. मग घरात संच एक असो की चार. अंध व्यक्तीला निम्मी फी. आणि वाचून मला फार आनंद झाला तो हा की, रंगीत चित्र न पाहणाऱ्यांसाठी कृष्णधवल परवाना अजूनही मिळतो. त्याची फी २०२५ मध्ये ५८ पौंड ५० पेन्स होती!

भाचीच्या घरी परवाना नव्हता, आणि तो नसण्यात बेकायदा काही नव्हते. संच होता, चांगला भिंतभर होता. नातू त्यावर मोटारींच्या शर्यती खेळे, शनिवारी रात्री सगळे मिळून इंटरनेटवरून एखादा चित्रपट पाहत. जावईबापू कागदोपत्री अत्यंत चोख माणूस. "आम्हाला परवान्याची गरज नाही" असे त्यांनी रीतसर कळवून ठेवले होते. असे न कळवणाऱ्या विनापरवाना घरांना पत्रे येत राहतात. पत्रावर नाव नसते. "कायदेशीर रहिवासी" एवढेच असते. पहिले पत्र सौम्य, मग पुढची जरा चढ्या आवाजात.

"पण जावईबापू," मी म्हणालो, "संच तर समोर दिसतोय. मग परवाना नको कसा?"

"मामा, इथे कायदा पेटीला विचारत नाही, हेतूला विचारतो," ते म्हणाले.

आणि ते खरेच तसे आहे. २००३ च्या कायद्याने "दूरचित्रवाणी ग्राहक यंत्र" परवान्यावाचून बसवायला आणि वापरायला बंदी आहे. मात्र असे यंत्र म्हणजे काय, तर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घेण्यासाठी जे बसवले वा वापरले जाते ते. पेटीचा आकार, किंमत, पडदा, यांतले काही त्या व्याख्येत नाही. ज्या संचावर केवळ तबकड्या, खेळ किंवा इंटरनेटवरचे साठवलेले चित्रपट पाहायचे, तो परवान्याच्या दृष्टीने ग्राहक यंत्रच नव्हे. उलट हातातला फोन, त्यावर जर चालू वाहिनी पाहिली, तर झाले ते ग्राहक यंत्र! चालू म्हणजे केव्हाचे, याचेही उत्तर नियमांत आहे: इतर प्रेक्षकांना जो कार्यक्रम ज्या वेळी मिळतो, त्याच वेळी किंवा जवळजवळ त्याच वेळी. तोच कार्यक्रम त्या वेळी टिपून ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिला तरी सुटका नाही, कारण टिपणे हेही घेणेच. परंतु वाहिनीने नंतर इंटरनेटवर ठेवलेला भाग सवडीने पाहिला, तर परवाना लागत नाही. याला मोठा अपवाद बी.बी.सी.च्या स्वतःच्या आयप्लेअरचा. त्याच्यावर शिळे कार्यक्रम पूर्वी फुकट पाहता येत. १ सप्टेंबर २०१६ पासून तेथील शिळ्यालाही परवाना लागू लागला. आणि काही वाहिन्यांचे एक जुळे भावंड असते, तेच कार्यक्रम बरोबर एक तासाने दाखवणारे. तिथे तासाभराचे शिळे पाहिले तरी परवाना हवाच, कारण त्या जुळ्या वाहिनीपुरते ते ताजेच!

विद्यार्थ्यांची तऱ्हा आणखी मौजेची आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला स्वतःचा परवाना लागतो. मात्र त्याच्या आईबापांच्या घरी परवाना असेल, आणि मुलगा आपले यंत्र त्याच्या पोटातल्या बॅटरीवरच चालवत असेल, भिंतीतल्या विजेला किंवा एरियलला जोडत नसेल, तर त्याला आईबापांचा परवाना चालतो. म्हणजे कार्यक्रम रंगात आलेला असताना बॅटरी संपली आणि पोराने तार भिंतीत खोचली, की तो आईबापांच्या छत्राबाहेर गेला! कायदा लिहिणारे गृहस्थ गंभीर चेहऱ्याने हे लिहीत बसले असतील असे डोळ्यांपुढे येऊन मला एकट्यालाच हसू फुटले.

ही परंपरा मात्र जुनी आहे. ती जिथे सुरू झाली ती जागा पाहावी म्हणून एका रविवारी आम्ही उत्तर लंडनमधल्या अलेक्झांड्रा पॅलेसला गेलो. नाव राजवाड्याचे असले तरी तिथे राजा कधी राहिला नाही. लोकांच्या करमणुकीसाठी बांधलेली ती अवाढव्य इमारत. १८७३ मध्ये उघडली, सोळा दिवसांत जळाली, आणि १८७५ मध्ये पुन्हा उभी राहिली. टेकडीवरून सारे लंडन पायाशी पसरलेले दिसते. इमारतीच्या एका टोकाला लोखंडी मनोरा आहे. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बी.बी.सी.ने दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण इथूनच सुरू केले. युद्ध आले तेव्हा १ सप्टेंबर १९३९ ला ते बंद पडले, आणि १९४६ च्या जूनमध्ये पुन्हा चालू झाले.

फीचा प्रवास त्याच्याही आधीचा. १९२२ मध्ये नभोवाणी ऐकण्याचा परवाना दहा शिलिंगांना मिळू लागला. १९४६ च्या जूनपासून दूरचित्रवाणीसह परवाना दोन पौंडांचा झाला. १९५२ मध्ये चोरून पाहणारे हुडकणाऱ्या मोटारी रस्त्यांवर फिरू लागल्या. त्यांच्या टपावरची चक्रे पाहून माणसे धावत पोस्टात जात. १९६८ मध्ये रंगीत चित्रासाठी पाच पौंड जास्त पडू लागले. १९७१ मध्ये नुसत्या नभोवाणीचा परवाना रद्द झाला. तेव्हापासून आजतागायत इंग्लंडात रेडिओ ऐकायला काही पडत नाही.

त्या मनोऱ्याखाली उभे असताना मला आमच्या घरच्या रेडिओची आठवण झाली. आमच्या पिढीच्या वाचकांना ती सांगायला नकोच. रेडिओ घेतला की पोस्टात जायचे, परवान्याची पुस्तिका घ्यायची, दरवर्षी फी भरून त्यावर तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. वडील ती पुस्तिका रेशनकार्डाच्या शेजारी ठेवत. आपला १९३३ चा कायदा मात्र इंग्लंडच्या आजच्या कायद्यापेक्षा सरळसोट होता: परवान्यावाचून यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा. रेडिओ ऐकता की त्यावर फुलदाणी ठेवता, याची चौकशी कोणी करत नसे. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईत दूरचित्रवाणी आली तेव्हा तिलाही परवाना लागला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दोन्ही परवाने गेले, आणि त्या पुस्तिका रद्दीत गेल्या.

हॅरोच्या घरात हा प्रश्न एकाएकी पेटला तो जुलैमध्ये. जावईबापूंच्या मातोश्री, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, चार महिन्यांसाठी पुण्याहून आल्या. घरात त्यांना सगळेच आजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आजींची धाकटी बहीण सांगलीला असते. गेली दोन वर्षे ती अंथरुणाला खिळलेली आहे. दोघी बहिणींचा एक नेम होता: रात्री साडेआठची मराठी मालिका दोघींनी आपापल्या गावी लावायची, आणि जाहिराती लागल्या की एकमेकींना फोन करायचा. मालिकेतल्या सासूला नावे ठेवता ठेवता औषध घेतले का, झोप लागली का, हेही विचारून होई. रात्रीचे साडेआठ म्हणजे हॅरोला उन्हाळ्यात दुपारचे चार. पहिल्याच दिवशी चार वाजता आजी खुर्ची ओढून संचासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "लाव रे माझं."

जावईबापू अडखळले. "आई, एक तास थांबशील? मग तो भाग इंटरनेटवर येतो. तो आपल्याला पाहता येतो."

"तासाने कशाला? आत्ता लागलंय ना तिकडे?"

"आत्ता पाहिलं तर परवाना लागतो."

"अरे, वाहिनी आपली, मालिका आपली, भाषा आपली. इंग्लंडच्या सरकारचं त्यात काय आहे?"

प्रश्न बिनतोड होता, पण कायदा त्याहून बिनतोड. वाहिनी कोणत्या देशाची, याला तिथे महत्त्व नाही. ब्रिटनमधल्या घरात बसून मुंबईची वाहिनी चालू वेळेला इंटरनेटवरून पाहिली तरी परवाना हवा. आजींनी मग वयाचा मुद्दा काढला. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना परवाना फुकट असतो, असे त्यांनी पुण्यात कोणाकडून ऐकले होते. तसे होतेही, परंतु १ ऑगस्ट २०२० पासून ही सवलत केवळ तुटपुंज्या उत्पन्नाबद्दल तिथल्या सरकारचा विशेष भत्ता मिळणाऱ्या वृद्धांपुरती राहिली आहे.

आजी समजूतदार. आठवडाभर त्यांनी तासाने पाहून काढले. पण नेम बिघडला. चार वाजून वीस मिनिटांनी सांगलीहून फोन येई, "पाहिलंस का गं, काय केलं तिने?" आजी म्हणत, "सांगू नकोस, मी अजून पाहायचंय." तिकडे बहीण गप्प होई. तासाभराने आजींचे पाहून होई तोवर सांगलीत रात्रीचे दहा वाजत, आणि औषध घेऊन बहीण झोपलेली असे. चौथ्या दिवसापासून तो फोन आखडला, सहाव्या दिवशी आलाच नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी दारावरची घंटा वाजली. घरात आम्ही दोघेच. दारात ओळखपत्र लावलेला एक तरुण, परवान्याच्या चौकशीला आलेला. गरज नाही असे कळवलेल्या घरीही कधीकधी असे पडताळायला येतात. अशा माणसाला आत घेण्याचे बंधन घरमालकावर नसते. कोर्टाचे वॉरंट असेल तरच गोष्ट वेगळी. हे मला जावईबापूंनी सांगून ठेवले होते. आजींना ते ठाऊक नव्हते. दारात आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवणे त्यांना ठाऊकच नाही! "आत ये बाळा, बैस," असे मराठीत म्हणत त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि पाणी आणले. त्याने संचाकडे नजर टाकली, एरियलची तार मोकळी लोंबत होती ती पाहिली, दोन प्रश्न विचारले, आणि तो उठू लागला. आजींनी त्याला थांबवले.

"माय सिस्टर सी, आय सी, सेम टाइम. मनी?"

"येस, मॅडम."

"आफ्टर वन अवर. नो मनी?"

तो क्षणभर थांबला, हसला, आणि म्हणाला, "नो मनी, मॅडम."

तो गेल्यावर आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मामा, म्हणजे पैसे मालिकेचे नाहीत. पैसे बरोबरीने पाहण्याचे आहेत."

मी त्या कायद्याची कलमे वाचली होती. त्यांतले सार असे कोणी सांगितले नव्हते. आणि दार उघडण्यावरून आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. विनापरवाना पाहिल्याबद्दल ज्यांच्यावर खटले होतात त्यांत दर चारांत सुमारे तीन स्त्रिया असतात, असे अलीकडच्या वर्षांचे आकडे सांगतात. स्त्रिया अधिक दूरचित्रवाणी पाहतात म्हणून नव्हे. चौकशीला माणूस येतो त्या वेळी घरात असते ती बाई, दार उघडते ती बाई, आणि ज्याने दार उघडले त्याचे नाव कागदावर चढते. कायदा घराला लागू. दंड मात्र उंबऱ्यावर उभी असेल तिला!

त्या रात्री जेवताना जावईबापूंनी निर्णय सांगितला. "आई, परवाना घेतोय."

आजींनी मनातल्या मनात रुपये केले. "वीस हजार? मालिकेसाठी? मुळीच नको. वेड लागलंय का तुला?"

"मालिकेसाठी नाही. मावशीसाठी. आणि तू परत गेलीस की उरलेल्या पुऱ्या महिन्यांचे पैसे परत मागता येतात."

हे शेवटचे वाक्य ऐकल्यावरच आजी राजी झाल्या. भाचीने जागच्या जागी फोनवरून परवाना काढला. दुसऱ्या दिवशी चार वाजता मालिका लागली, आणि चार वाजून दहा मिनिटांनी हॅरोच्या त्या घरातून सांगलीला फोन गेला. दोघींनी मिळून त्या दिवशी मालिकेतल्या सासूचे जे केले ते इथे छापण्यासारखे नाही.

ऑगस्टअखेर मी आयर्लंडला गेलो. डब्लिनला माझ्या मित्राचा मुलगा नोकरीला असतो. लंडनहून विमानाने बेलफास्ट आणि तिथून आगगाडीने डब्लिन, सुमारे दोन तासांचा प्रवास. न्यूरी मागे पडते आणि डंडॉक येते, त्या दोहोंच्या मधे कुठेतरी देश बदलतो. डब्यात कोणी उठत नाही, कोणी शिक्का मारत नाही. बाहेर तीच हिरवी कुरणे, तीच मेंढरे. पण परवान्याचा कायदा मात्र त्या कुरणात कुठेतरी अगदी उलटा होतो!

आयर्लंडमध्ये फी २००८ पासून १६० युरो आहे, आणि परवाना लागतो तो पेटीला. पेटी घरात आहे ना? मग परवाना काढा. त्यावर काय पाहता, पाहता की नाही, हे कोणी विचारत नाही. इतकेच नव्हे, पेटी बिघडलेली असली तरी परवाना हवा, कारण बिघडलेली पेटी दुरुस्त होऊ शकते! उलट लॅपटॉपवर किंवा फोनवर इंटरनेटने चालू कार्यक्रम खुशाल पाहा, परवाना लागत नाही. मित्राच्या मुलाच्या घरी जिन्याखाली एक बंद पडलेला संच धूळ खात होता, आणि त्याचे सारे पाहणे चाले लॅपटॉपवर. हॅरोला असता तर त्या धूळ खाणाऱ्या संचाबद्दल त्याला काही पडले नसते आणि लॅपटॉपबद्दल पडले असते. डब्लिनला नेमके उलटे. शनिवारी आम्ही दोघांनी तो संच उचलून मोटारीत घातला आणि विजेच्या जुन्या वस्तू जिथे विनामूल्य घेतात तिथे नेऊन दिला. परत येताना तो म्हणाला, "काका, एकशे साठ युरोंचं ओझं उतरलं." संच तसा फार जड नव्हता.

जर्मनीने २०१३ मध्ये हा घोळच मिटवला: पेटी असो वा नसो, प्रत्येक घराने ठरावीक रक्कम द्यायची. फ्रान्सने २०२२ मध्ये फीच रद्द केली. इंग्लंडात काय होणार, याचा खल चालू आहे, बी.बी.सी.ची सध्याची सनद २०२७ च्या अखेरीस संपते, आणि फी राहावी की जावी याचा निकाल त्या सुमारास लागावा. मला विचाराल तर तिन्ही पद्धतींत न्याय आहे आणि तिन्हींत थोडी अडचणही आहे. पेटीवर कर बसवला तर न पाहणारा भरडला जातो, घरावर बसवला तर पेटी नसणाराही भरतो. वेळेवर बसवला तर कोण केव्हा काय पाहतो हे ओळखायला माणसाच्या सचोटीवर भिस्त ठेवावी लागते, आणि ज्यांना कोणाच्या तरी बरोबरीने पाहायचे असते ती म्हातारीकोतारी माणसे तेवढी त्यात सापडतात.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले-मुली आज तिकडे आहेत, आणि दिवाळीनंतर कित्येकांची तिकिटेही निघालेली असतील. त्यांच्यासाठी दोन शब्द लिहून ठेवतो. इंग्लंडात मुलाच्या घरी संच दिसला म्हणून घाबरू नका, आणि दिसला म्हणून लगेच लावूही नका. आधी विचारा, परवाना आहे का. नसेल तर चित्रपट पाहा, जुने भाग पाहा, रेडिओ ऐका. त्याला कोणाची ना नाही. क्रिकेटचा सामना चालू असेल आणि तो तिकडच्या एखाद्या वाहिनीवर त्याच घटकेला पाहायचा असेल, तर मुलाला परवाना काढायला सांगा. आणि तो खर्चाचे नाव काढून कुरकुरला, तर सरळ म्हणा की निकाल लागल्यावर सामना पाहण्याचे वय आता आमचे राहिलेले नाही.